मोजणीदाराची पावलं

संग्रहालयात वासाला दोन नाकं लागत.

हा नियम कुणी केला ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण तो मोडायची कुणाची छाती नव्हती. रानात सापडलेली अळंबी सूचीत घालायची, तर तिच्या टोपीचा रंग, देठाची जाडी, टोपीखालच्या पदरांची दाटी, कागदावर पडणारी बीजाणूंची छाप हे सगळं एकट्याने लिहिलेलं चालत असे. वास मात्र एकट्याचा चालत नसे. दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून हुंगायचं, आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं आणि मग चिठ्ठ्या समोरासमोर उघडायच्या. जुळल्या तर वास सूचीत जाई, नाही जुळल्या तर त्या रकान्यात नुसती रेघ.

त्यातलं एक नाक अळंबीबाईंचं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण पगार देणाऱ्या कारकुनालाही ते आठवायला कपाळ चोळावं लागे, इतकी वर्षं त्या अळंबीबाई होत्या. दुसरं नाक चित्रकाराचं. सूचीसाठी अळंब्यांची चित्रं काढणारा हा माणूस साठीला टेकलेला, एकटा आणि तोंडाने फटकळ होता. एकदा एका पिवळ्या अळंबीच्या चिठ्ठीवर त्याने ‘रुसलेली बायको’ असं लिहिलं होतं.

“तुम्हाला बायको आहेच कुठे?” अळंबीबाईंनी विचारलं होतं.

“म्हणून तर लांबूनसुद्धा ओळखू येतो,” चित्रकार म्हणाला होता.

त्या सकाळी अळंबीबाईंनी आणलेली अळंबी अगदी साधी होती. बोटाच्या पेराएवढी टोपी, रंग तपकिरी, वरून चामड्यासारखी गुळगुळीत. घरामागच्या रानवाटेवर सापडली होती. सूची छापायला जाण्याच्या बेताला आलेली असताना नवीन काही सापडणं म्हणजे खरं तर डोक्याला ताप, पण ही अळंबी कोणत्याच पुस्तकात बसेना. छाप काळी पडली. देठाला कडं नव्हतं. कापल्यावर आतला गर जरासाही रंग बदलेना. शेवटी बाईंनी अर्धी चित्रकाराला दिली, अर्धी स्वतः घेतली आणि दार लावून घेतलं.

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा दोन्हींवर एकच ओळ होती. ‘बुटाचं पॉलिश आणि लवंग.’

“शब्दाला शब्द!” चित्रकार खूश झाला. “इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. आज चहा माझ्याकडून.”

अळंबीबाईंनी चहा घेतला, पण तो त्यांना गोड लागला नाही. बाबा होते तोवर घरात रोज सकाळी हाच वास असायचा.

अळंबीबाईंचा बाप मोजणीदार होता. त्याच्याविषयी आदरार्थी बोलावं असं त्याच्या माघारी कुणाला वाटलं नाही, तेव्हा इथेही तसं बोलायचं कारण नाही. गावातली निम्मी कुंपणं आणि झाडून सगळे हद्दीचे दगड त्याच्या मापाने बसलेले. कचेरीने साखळी दिली होती, फीत दिली होती, पण त्याचा भरवसा स्वतःच्या पावलावर. त्याचं पाऊल पडे ते नेहमी तेवढंच पडे, जरा इकडे नाही की तिकडे नाही, आणि याचा त्याला केवढा तोरा! उजवा पाय जरा बाहेर फेकत, दाढेत लवंग धरून, लखलखीत बुटांनी तो गावभर फिरायचा. लोक त्याला बिचकून असत, कारण तो ज्या जमिनीवर चालून जाई ती जमीन हटकून कुणाच्या तरी हातून जाई.

लग्न होऊन आई या घरात आली, त्या दिवशी त्याने तिला दारात उभं केलं. दारापासून फाटकापर्यंत पावलं टाकत गेला आणि तिथून वळून म्हणाला, “तुझं इथपर्यंत.”

आणि आईचं तिथपर्यंतच राहिलं. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा माप शाळेच्या कोपऱ्यापर्यंत वाढलं, शाळा संपली तेव्हा पुन्हा फाटकापर्यंत आलं. अळंबीबाईंनी वयात आल्यावर भांडणं केली, ताटं आपटली, महिनामहिना बापाशी अबोला धरला. त्याने कधी हात उगारला नाही. आई फाटकाबाहेर दिसली तर तो फक्त चालत यायचा आणि तिच्यासमोर उभा राहायचा. ती एक पाऊल मागे जायची, तो एक पाऊल पुढे यायचा. असं करत करत ती घरात यायची. अळंबीबाईंना बापाचं मारणं परवडलं असतं, पण ते चालत येणं त्यांच्या अंगावर आजही शहारे आणत असे.

दोन वर्षांपूर्वी तो रानात हद्द मोजायला गेला आणि एका जुन्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसला तो उठलाच नाही. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. अळंबीबाईंना वाईट वाटलं नाही, आणि वाईट वाटत नाही याचंही वाईट वाटलं नाही.

त्यानंतर काही महिने आई फाटकापाशी जाऊन नुसती उभी राहत असे. मग एके दिवशी ती बाहेर पडली आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. दुसऱ्या आठवड्यात तिने स्वतः दुकानात जाऊन निळे कापडी बूट घेतले, नाडीचे. तिथून पुढे ती सुटलीच. जेवताना रोजची बातमी ठरलेली.

“आज मी पोस्टाच्या मागच्या गल्लीत गेले. तिथे एक माणूस छत्र्या दुरुस्त करतो, ठाऊक आहे का तुला?”

“आज थेट पाण्याच्या टाकीपर्यंत. वर चढायला जिना आहे गं.”

“चढलीस?”

“चढले की! मला कोण विचारतंय?”

साठी उलटलेल्या आईला असं हसताना बघून अळंबीबाईंचा जीव सुपाएवढा होई. सूची, संग्रहालय, बढती हे सगळं एका बाजूला आणि आईचं हे रोजचं भटकणं एका बाजूला. हे आता कुणीही हिरावून घ्यायचं नाही, एवढं एकच त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

चिठ्ठ्या जुळल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी अळंबीबाई पुन्हा रानवाटेवर गेल्या. आणखी नमुने हवे होते. घराचं मागचं फाटक उघडलं की ही वाट सुरू होते आणि वळण घेऊन आत जाते. वळणाच्या पलीकडेच तपकिरी टोप्यांचे दाट पुंजके होते. आदल्या दिवशी त्यांनी एका पुंजक्यातून दोन-चार खुडल्या होत्या आणि आकाराकडे लक्ष दिलं नव्हतं. आता उभ्यानेच बघितलं तर एक लांबट पुंजका पुढे, त्याच्या मागे थोडी जागा सोडून एक गोल पुंजका. बुटाचा तळ आणि टाच. त्याच्या पुढे डाव्या बाजूला तसाच दुसरा. मग पुन्हा उजवीकडे. उजवीकडचा प्रत्येक पुंजका जरासा बाहेर वळलेला होता.

अळंबीबाई घाबरट नव्हत्या, आणि शिकलेल्या होत्या. त्यांनी खिशातून फीत काढून दोन पुंजक्यांमधलं अंतर मोजलं. पुढचं मोजलं. त्याच्या पुढचं मोजलं. फीत प्रत्येक वेळी त्याच रेघेवर थांबली. मग त्या तिथेच दगडावर बसल्या आणि स्वतःशी मोठ्याने म्हणाल्या, “साधी गोष्ट आहे.” माणूस वर्षानुवर्षं एकाच वाटेने, एकाच मापाने चालला तर पावलाखालची माती दबते. दबलेल्या मातीत पाणी वेगळं मुरतं. तिथे वेगळी बुरशी वाढते. उद्या कुणी विचारलं तर यावर चांगला निबंध लिहिता येईल. स्वतःचं म्हणणं त्यांना पटलं आणि त्या टोपली भरून कामावर गेल्या.

तिसऱ्या दिवशी पावलं वळणाच्या अलीकडे, घराच्या बाजूला आली होती.

अळंबीबाईंनी माग काढत उलटं जायचं ठरवलं. वाटेतल्या जुन्या टोप्या काळ्या पडून चिखलात मिसळत होत्या, पण आकार ओळखू येत होता. ती रांग रानात वाट सोडून आत शिरली, ओढा ओलांडून पलीकडे गेली आणि त्या जुन्या झाडाच्या बुंध्यापाशी येऊन थांबली. तिथे दोन पावलं शेजारी शेजारी होती, एखादा माणूस नुकताच बसल्या जागेवरून उठावा तशी.

त्यांना भीती वाटली, आणि भीतीपेक्षा कितीतरी जास्त राग आला. परत येताना त्यांनी रांगेतली एकूण एक अळंबी सुरीने कापली, मुळाशी माती उकरली आणि टोपली घरी न नेता ओढ्यात रिकामी केली.

याचा उपयोग नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वर दिसते ती अळंबी म्हणजे नुसतं फळ. खरा देह जमिनीखाली, केसाहून बारीक धाग्यांचा, आणि तो फळाच्या कितीतरी पुढे पोचलेला असतो. नवीन येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ माणसाला हे त्या पहिल्या दिवशी शिकवत. तरीही रोज सकाळी त्या जात आणि रोज कापत. रोज एक जोडी पुढे आलेली असे.

“सूचीत घाला आणि मोकळ्या व्हा,” चित्रकार म्हणाला. चित्र त्याने काढून ठेवलं होतं, आणि नेहमी भिंतीला लावतो तसं लावायच्या ऐवजी खणात पालथं घातलं होतं. “सूचीत गेली की ती कुणाची राहत नाही.”

“पुन्हा हुंगता का एकदा? ताजी आहे.”

“नको बाई.”

“का?”

“मी तुमच्या वडिलांना ओळखत नव्हतो,” चित्रकार पेन्सिलीला टोक काढत म्हणाला. “परवा ती अळंबी हुंगली ना, तेव्हापासून रस्त्यात मागून कुणी चालत आलं की मी आपला बाजूला होतो. का होतो ते मला सांगता येत नाही.”

संग्रहालयाच्या संचालकांना ही भानगड ठाऊक नव्हती. त्यांना नवी जात सापडल्याचा आनंद झाला होता आणि तो त्यांनी बाईंना खोलीत बोलावून साजरा केला. “मी म्हणतो, तुमच्या वडिलांचं नाव देऊ या हिला. त्यांच्याच वाटेवर सापडली. गावाला आवडेल.”

“नाही.”

“अहो, पण तुमच्याच—”

“त्या माणसाचं नाव गावातल्या प्रत्येक हद्दीच्या दगडावर आहे, साहेब. आणखी एका जिवंत वस्तूवर मी ते घालणार नाही. घालायचंच असेल तर सूचीवरून माझं नाव काढा आणि मग घाला.”

संचालकांनी चष्मा काढून पुसला. बाईंचा आवाज इतका चढलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. “बरं, राहू दे सध्या,” ते म्हणाले.

पण घरी एक वेगळीच गोष्ट चालली होती, आणि ती अळंबीबाईंच्या जरा उशिराच लक्षात आली. जेवतानाच्या बातम्या आखूड होत चालल्या होत्या.

“आज टाकीकडे नाही गेले. पोस्टापर्यंतच.”

मग, “आज कोपऱ्यावरूनच परत आले. पाय जड झाल्यासारखे वाटले.”

मग एक दिवस काहीच नाही. आई भात चिवडत बसली होती. निळे बूट दाराशी कोरडे, नाड्या गुंडाळून ठेवलेले.

“आज कुठपर्यंत?” अळंबीबाईंनी विचारलं.

“फाटकापर्यंत,” आई म्हणाली.

अळंबीबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनी आईला सगळं सांगून टाकलं. वास, मोजमाप, झाडाखालची जोडी, रोजचं कापणं. आई घाबरेल म्हणून इतके दिवस लपवलं होतं. आई घाबरली नाही. तिने शांतपणे ताट बाजूला सारलं.

“तू बाहेरची कापतेस होय?” ती म्हणाली. “मी आतली झाडते.”

“आतली?”

“मागच्या दाराच्या पायपुसण्याखाली आधी आली. मग बोळात, फरशीच्या सांध्यांतून. तू अंघोळीला गेलीस की मी सुपलीत भरून चुलीत घालते. आज माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी होती. तोंड पलंगाकडे.”

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगणार? जन्मभर ते आले की मी मागे सरले, हे तुला दिसत होतंच. आता मेल्यावरसुद्धा सरतेच आहे, हे सांगायची लाज वाटली गं.”

अळंबीबाई रडल्या. रागाने रडल्या, आईचा हात धरून रडल्या. म्हणाल्या, घर विकू, दुसऱ्या गावी जाऊ, संग्रहालय गेलं खड्ड्यात. आईने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“मी टाकीपर्यंत एकटी गेलेय,” ती म्हणाली. “आता पळून कुठे जाऊ?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मिळूनच उठल्या. खोलीच्या उंबऱ्याच्या आत, पलंगापासून हातभर अंतरावर, तपकिरी टोप्यांच्या पावलांची जोडी उभी होती. चालती नव्हे. शेजारी शेजारी, उजवं जरा बाहेर वळलेलं. खोलीत पॉलिशचा आणि लवंगेचा वास इतका दाट होता की घसा खवखवत होता.

अळंबीबाई सुरी आणायला वळल्या. आईने त्यांचा दंड धरला.

“आज मी.”

“बूट तरी घाल.”

“नको. याला अनवाणीच सांगते.”

आई त्या जोडीसमोर उभी राहिली. पाठीमागे पलंग होता, म्हणजे सरायला जागा नव्हतीच. “अहो,” ती सवयीने म्हणाली. मग तिने मान वर केली. जिथे उंच माणसाचं तोंड असतं तिथे बघत ती बोलायला लागली, आणि अळंबीबाईंनी आपल्या आयुष्यात पहिल्यांदाच आईला त्या माणसाशी अरेतुरे करताना ऐकलं.

“ऐक. तुझं माप तुझ्यापाशी ठेव. माझं किती, ते मी बघेन. मी कोपरा बघितला, पोस्ट बघितलं, टाकी बघितली. उद्या टाकीच्या पलीकडे काय आहे ते बघणार आहे. तुला सांगून नाही, विचारून तर नाहीच. जा. आलास तसा परत जा.”

काहीच झालं नाही. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग आईने पाऊल उचललं आणि त्या पुंजक्यावर ठेवलं. तिचं लहानसं पाऊल त्या मोठ्या पावलात पुरतं मावलं. टोप्या पिचल्या, काळं पाणी तिच्या बोटांमधून वर आलं. तिने दुसरं पाऊल दुसऱ्या पुंजक्यावर ठेवलं, टाचेने रगडलं आणि तशीच पुढे चालत बोळातून मागच्या दाराबाहेर पडली. मोरीवर पाय धुतले, निळे बूट घातले, नाड्या आवळल्या आणि फाटक उघडून रस्त्याला लागली. परत आली ती दिवे लागायच्या सुमाराला, घामाघूम होऊन.

“टाकीच्या पलीकडे,” तिने दारातूनच सांगितलं, “एक मोठं मैदान आहे!”

आणि सकाळी पावलं फिरली होती.

घरात एकही नव्हतं. मागच्या फाटकाबाहेर पहिली जोडी होती, आणि तिचा चवडा रानाकडे होता, टाच घराकडे. अळंबीबाईंनी आईला हाक मारून दाखवलं. दोघी फाटकाला धरून, दम लागेपर्यंत हसल्या. संग्रहालयात जाऊन अळंबीबाईंनी चित्रकाराला सांगितलं, तेव्हा त्याने खणातलं चित्र काढून सुलटं केलं आणि म्हणाला, “तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. नाही, राहू दे, मीच येऊन सांगतो.”

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. आई रोज बाहेर पडत होती, रोज लांब जात होती, आणि रोज घरी परत येत होती. थकतच नव्हती. पाय किती हलके झालेत म्हणून सांगू, असं येईल त्याला सांगत होती. इकडे पावलं रोज एका जोडीने घरापासून दूर सरकत होती. अळंबीबाईंनी कापणं सोडून दिलं. जाऊ दे, नीट जाऊ दे, असं त्यांनी ठरवलं.

पावलं वळणाआड गेली, त्यालाही बरेच दिवस झाले. सूची छापायला जायच्या आधी एक शेवटचा नमुना घ्यावा म्हणून एका सकाळी त्या टोपली घेऊन निघाल्या. मनात गाणं होतं. फाटकापासून वळणापर्यंत जुन्या टोप्यांच्या काळ्या खुणा होत्या. सगळ्या जाणाऱ्या.

वळणापलीकडे त्या थांबल्या.

मोठ्या पावलांच्या शेजारी दुसरी रांग होती. जरा मागे राहून चालणारी. टोप्या तशाच, पण फिकट, जवळजवळ दुधी रंगाच्या. बुटाचा आकार नव्हता. अनवाणी पाऊल होतं, लहान, आणि पुढे पाच गोल बारीक टोप्या बोटांच्या. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब होतं.

अळंबीबाई गुडघ्यांवर बसल्या आणि हुंगल्या. दुसरं नाक जवळ नव्हतं म्हणून पुन्हा एकदा हुंगल्या. कपड्यांचा साबण आणि तापवलेलं दूध.

मोठी पावलं ओढ्याकडे गेली होती. लहान पावलं त्यांच्यामागे ओढ्याकडे गेली होती. मोठ्या पावलांमधलं अंतर नेहमीचं होतं. लहान पावलांमधलंही अंतर तेवढंच होतं, म्हणजे ती चाल गाठायला लहान पायांना लांब ढांगा टाकाव्या लागत असणार.

अळंबीबाईंनी एकही टोपी खुडली नाही. त्या उठल्या आणि धावत सुटल्या.

आई घरातच होती. गुणगुणत होती. पुढच्या खोलीची फरशी नुकतीच पुसलेली, अजून ओली चमकत होती आणि स्वयंपाकघरातून कपबशीचा आवाज येत होता. अळंबीबाईंनी दारात चिखलाचे बूट काढले, मोजे काढले आणि आत आल्या. आई आहे, धडधाकट आहे, गाते आहे. त्यांनी मागे वळून फरशीकडे पाहिलं. दारापासून आतपर्यंत त्यांची स्वतःची पावलं उमटली होती. लहान, अनवाणी, अंगठ्याशेजारचं बोट लांब. त्या पायाने अगदी आईवर गेल्या होत्या, लहानपणापासून सगळे म्हणत.

“आलीस?” आई चहा घेऊन बाहेर आली. ओली फरशी ओलांडून, अनवाणी, त्यांच्यापर्यंत आली आणि कप त्यांच्या हातात दिला. “किती धापा टाकतेस! बस जरा. आज मैदानाच्याही पुढे जाणार आहे मी.”

अळंबीबाईंनी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग आईच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच्या ओल्या फरशीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

त्यांनी चहाचा कप जपून कट्ट्यावर ठेवला. बूट पुन्हा चढवले. टोपली घेतली, आणि मग खुंटीवरची मोठी टोपलीही घेतली.

“अगं, आता परत कुठे?”

“एक सामान राहिलंय रानात. आपलं आहे. एकेक उचलून घरी आणते.”

“तो चहा गार होईल.”

“होऊ दे. आल्यावर तापवून पिईन.” त्यांनी सुरी कमरेला अडकवली. “तू आज कुठे जाऊ नकोस, आई. आणि वाटेत मला कुणी भेटलंच, तर त्याला बाजूला व्हावं लागेल. मी होणार नाही.”

आईला त्यातलं काही कळलं नाही, पण ती हसली. लेक बाहेर निघाली की निरोप द्यायला यायची तिची पद्धतच होती. ती तशीच ओल्या फरशीवरून दारापर्यंत आली.

“लवकर ये गं.”

अळंबीबाईंनी पायरीवरून एकदाच वळून पाहिलं. त्यांच्या चिखलाच्या बुटांनी फरशी पार बरबटली होती. आई उंबऱ्याशी हात हलवत उभी होती, आणि तिच्या तळव्यांखाली पाणी तसंच सपाट, न मोडलेलं होतं.